वाचकांचे प्रश्न : स्टॉक किती दिवसांचा आणि कुणाच्या पैशाचा

मागच्या अंकात माल किती दिवस पडून राहतो ते कसं काढायचं हे लिहिलं होतं, त्यावर भरपूर पत्रं आणि मेसेज आले, खूप बरं वाटलं. पण बहुतेकांनी आपला आकडा काढून तो लगेच दुसऱ्याच कुठल्यातरी धंद्याच्या आकड्याशेजारी ठेवलाय आणि मग घाबरून लिहिलंय, म्हणून या वेळी सगळे प्रश्न त्यावरचेच घेतलेत. ज्यांनी मागचा अंक वाचला नाही त्यांच्यासाठी हिशोब परत सांगते : वर्षभरात जो माल विकला गेला त्याची खरेदी किंमत (विक्रीची नाही, इथेच सगळे चुकतात) भागिले सरासरी स्टॉक, म्हणजे वर्षात माल किती वेळा फिरला ते रोटेशन, आणि ३६५ भागिले रोटेशन म्हणजे दिवस.

प्रश्न : ताई, सांगलीत आमचं हार्डवेअर, पेंट आणि सॅनिटरीचं दुकान आहे, वडिलांच्या वेळचं. वर्षाची विक्री १ कोटी ८० लाख, त्या मालाची खरेदी १ कोटी ३५ लाख, स्टॉक ४० लाख. दिवस आले १०८. मुलगा एमबीए करतोय, तो म्हणतो डीमार्टचा माल महिनाभरात फिरतो, आपण तिप्पट अडकवून बसलोय, अर्धा माल काढून टाका. काय करू?

उत्तर : दादा, अर्धा माल काढू नका. मुलगा हुशार आहे, त्याने आकडा बरोबर पकडलाय, फक्त शेजारी ठेवायला चुकीचं दुकान निवडलं. डीमार्टचा स्टॉक साधारण महिनाभराचा असतो हे खरंच आहे. पण तिथे तेल, डाळ, साबण, बिस्किटं विकली जातात, म्हणजे घरात जे दर महिन्याला संपतं ते, आणि बेसिनचा नळ माणूस पंधरा वर्षांतून एकदा घेतो, तो काय दर महिन्याला फिरणारे का? त्यात डीमार्टची ढोबळ मार्जिन (विक्री वजा मालाची खरेदी) १०० रुपयांच्या विक्रीवर १५ च्या आसपास, तुमची २५. म्हणून नुसते दिवस बघायचे नाहीत, स्टॉकमध्ये अडकलेल्या एका रुपयाने वर्षात किती मार्जिन कमवली ते बघायचं. तुमची मार्जिन ४५ लाख, स्टॉक ४० लाख, म्हणजे रुपयाला १ रुपया १२ पैसे. डीमार्टसारख्या दुकानात १०० ची विक्री धरली तर खरेदी ८५, महिन्याचा स्टॉक ७ रुपये, मार्जिन १५, म्हणजे रुपयाला दोनच्या वर. ते तुमच्यापेक्षा पुढे आहेत हे मान्य, पण १०८ ला ३० ने भागून जेवढं भयानक दिसत होतं तेवढं अंतर नाहीये, साडेतीनपट वरून दुपटीवर आलं.

उलट बाजूने टायटन घ्या. तनिष्कमुळे त्यांच्याकडे दागिन्यांचा साठा पाच-सहा महिन्यांच्या आसपासचा असतो, तुमच्यापेक्षा कितीतरी जास्त, आणि तरीही ती देशातल्या चांगल्या चालणाऱ्या कंपन्यांत गणली जाते. कारण गिऱ्हाईक मंगळसूत्र घ्यायला येतं तेव्हा समोर पन्नास डिझाइन लागतात, एक दाखवून चालत नाही, आणि सोनं शिळं होत नाही, फॅशन गेली तर वितळवता येतं. शिवाय त्या सोन्याचा बराच भाग लीजवर घेतलेला असतो, म्हणजे माल कपाटात यांचा दिसतो, पण त्यासाठी सगळं सोनं आधी रोख पैशाने विकत घेतलेलं नसतं. डीमार्ट याच्या अगदी उलटं करतं, पुरवठादाराचे पैसे आठवडाभराच्या आसपास देऊन टाकतं आणि त्याच्या जोरावर भाव पाडून घेतं. म्हणजे दोघांच्या दिवसांमागे पैशाची गोष्ट पूर्ण वेगळी आहे, ती न बघता ३० आणि १८० शेजारी ठेवले तर काहीच कळत नाही.

आता तुमच्या खऱ्या कामाचं. १०८ हा सरासरी आकडा आहे आणि तुमच्या दुकानात खरं तर पाच वेगवेगळी दुकानं आहेत. सिमेंट आठवड्यात जातं, ठेवलं तर दगड होतं. पीव्हीसी पाइप-फिटिंग महिनाभरात. पेंटचं टिंटिंग मशीन असेल तर तिथला स्टॉक आपोआप कमी होतो, कारण बेसचे डबे ठेवायचे आणि गिऱ्हाईक म्हणेल ती शेड समोर मिसळून द्यायची, पूर्वीसारखे प्रत्येक रंगाचे प्रत्येक साइजचे डबे मांडून ठेवावे लागत नाहीत (१९४२ साली मुंबईत सुरू झालेल्या एशियन पेंट्सचं नाव इथे घ्यावंच लागतं, मधला होलसेलर काढून थेट दुकानदाराला वारंवार माल पोचवायचा ही त्यांची पद्धत, त्यामुळे दुकानदाराला साठा करायची गरजच कमी पडते). अडकलेला पैसा सीपी फिटिंग (क्रोमचा मुलामा दिलेले नळ-शॉवर) आणि टाइल्समध्ये असतो, माझी खात्री आहे तुमचाही तिथेच असणार.

मिरजेतल्या अशाच एका दुकानाचं गोदाम मी दोन दिवस बसून मोजलं होतं. मागच्या भिंतीला टाइल्सचे खोके होते, एका डिझाइनचे तीन, दुसऱ्याचे पाच, तिसऱ्याचे अडीच, सगळे कुणाच्यातरी बाथरूममधून उरून परत आलेले. मालक म्हणाले याच डिझाइनचा नवीन लॉट आलाय की, त्यात घालून विकू. खोक्यावरचा बॅच नंबर बघितला तर वेगळा, दोन्ही लॉटमधली एकेक फरशी दारात उन्हात नेऊन शेजारी ठेवली तर शेड जुळेना, एक थोडी पिवळट. म्हणजे ते खोके नवीन मालात कधीच मिसळणार नव्हते, पण स्टॉकच्या यादीत मात्र पूर्ण किमतीने उभे होते. २२ लाखांच्या स्टॉकपैकी पाच लाखांच्या मालाला वर्षभरात हात लागलेला नव्हता. बाकीचा १७ लाखांचा माल झकास फिरत होता! तिथे सरसकट अर्धा माल काढला असता तर चालणारा माल आधी गेला असता, कारण तोच विकला जातो, आणि पिवळट फरशी तिथेच राहिली असती.

तर मुलाला सांगा, आकडे काढायची आवड आहे ना, मग विभागवार काढ. प्रत्येक खोक्यावर आल्याची तारीख मार्करने लिहा, वर्ष उलटलेला माल एका बाजूला काढा आणि तो आधी मोकळा करा, मिस्त्री आणि प्लंबर लोकांना पडत्या भावात द्या, गोठ्याला, गच्चीला, मोरीला कुणीही घेतं. आणि महागड्या सीपी फिटिंगचा एकच डिस्प्ले पीस ठेवून बाकी डिस्ट्रिब्युटरकडून दोन दिवसांत मागवता येतात का ते विचारा.

प्रश्न : मॅडम, मी डोंबिवलीला राहतो, रिटायर्ड आहे, शेअर्समध्ये थोडे पैसे आहेत. गाड्या बनवणाऱ्या कंपन्यांचा ताळेबंद बघितला तर स्टॉक अगदी थोड्या दिवसांचा दिसतो, पण २०२४ मध्ये पेपरात येत होतं की गाड्यांचा स्टॉक ८० दिवसांवर गेला. दोन्ही कसं खरं असेल?

उत्तर : काका, दोन्ही खरं आहे. कारखान्यातून गाडी ट्रेलरवर चढून डीलरकडे गेली की कंपनीच्या पुस्तकात ती विकली गेली. मग ती डीलरच्या यार्डात उन्हापावसात तीन महिने उभी असली तरी कंपनीच्या स्टॉकमध्ये ती नसते, डीलरच्या असते. वाहन उत्पादकांची संघटना सियाम जे महिन्याचे आकडे देते ते डीलरकडे पाठवलेल्या गाड्यांचे, आणि डीलर्सची संघटना फाडा देते ते आरटीओत नोंद झालेल्या गाड्यांचे. हे दोन आकडे सलग चार-पाच महिने एकमेकांपासून लांब जायला लागले की समजायचं, माल मध्ये कुठेतरी साठतोय.

२०२४ च्या सप्टेंबरअखेर फाडाने सांगितलं होतं की डीलरांकडे ८० ते ८५ दिवसांचा साठा आहे, ७.९ लाख गाड्या, किंमत सुमारे ७९ हजार कोटी रुपये. डीलरांची मागणी काय, तर हा साठा २१ दिवसांच्या आसपास असावा. ही गाडी डीलर बँकेच्या पैशाने उभी करतो. व्याज ९ टक्के धरून बघा, ७९ हजार कोटींवर दिवसाला साडेएकोणीस कोटी रुपये नुसतं व्याज, आणि ते कंपनीच्या नफा-तोट्यात कुठेच दिसत नाही. मला हे फार लागतं, कारण डीलर हा बऱ्याचदा आपल्यासारखाच जिल्ह्याच्या ठिकाणचा कुटुंबाचा धंदा असतो, आणि दोन चांगल्या दिवाळ्यांची कमाई अशा एका वर्षात जाते.

तुमच्या दृष्टीने सांगायचं तर नुसता कंपनीचा स्टॉक बघून "काय सुंदर मॅनेजमेंट आहे" असं ठरवू नका, फाडाचा मासिक आकडा पण बघत जा. हेच ट्रॅक्टरला, टू-व्हीलरला, फ्रिज-एसीला सगळ्याला लागू आहे, जिथे जिथे मध्ये डीलर आहे तिथे तिथे.

प्रश्न : ताई नमस्कार. मी कराड तालुक्यातला ऊस उत्पादक, सहकारी साखर कारखान्याचा सभासद. वार्षिक अहवालात ३१ मार्चचा साखरेचा साठा इतका मोठा दाखवलाय की तुमच्या हिशोबाने २१३ दिवस येतात. सभेत विचारलं तर "साखर धंदा असाच असतो" एवढंच उत्तर मिळालं. खरं काय?

उत्तर : दादा, तुमचा प्रश्न मला सगळ्यात जास्त आवडला, आणि सभेत उभं राहून विचारलंत त्याबद्दल मनापासून कौतुक. उत्तर अर्धं खरं होतं, पण अर्ध्यावर थांबवायला नको होतं.

एक उदाहरण मांडते. समजा कारखान्याने ६ लाख टन ऊस गाळला, उतारा ११ टक्के, म्हणजे ६६ हजार टन साखर, म्हणजे ६ लाख ६० हजार क्विंटल. गाळप नोव्हेंबर ते मार्च पाच महिने, पण लोक चहा बारा महिने पितात, त्यामुळे विक्री वर्षभर सारखी, महिन्याला ५५ हजार क्विंटल. आता मार्चअखेर पाच महिन्यांत विकली २ लाख ७५ हजार, गोदामात उरली ३ लाख ८५ हजार क्विंटल, किमान विक्री दर ३१ रुपये किलो (२०१९ च्या फेब्रुवारीत ठरलेला) धरला तरी ११९ कोटींची साखर. त्याच कारखान्याच्या गोदामात ऑक्टोबरच्या शेवटी जाऊन बघा, फरशी झाडून ठेवलेली असेल! ताळेबंदाची तारीख ३१ मार्च ही नेमकी गोदाम शिगोशीग भरलेलं असतानाची तारीख आहे. त्या दिवसाचा साठा धरला की २१३ दिवस, बारा महिन्यांची सरासरी धरली की बरोबर निम्मे, १०६ दिवस. म्हणून साखर कारखान्याची तुलना भोसरीच्या इंजिनीअरिंग कारखान्याशी तर नाहीच, पण दुसऱ्या साखर कारखान्याशी करतानाही हंगाम कधी सुरू झाला, कधी संपला ते विचारावं लागतं.

आणि इथे कारखान्याच्या हातात सगळं नसतं. कोणत्या महिन्यात किती साखर विकायची त्याचा कोटा जून २०१८ पासून परत केंद्र सरकार ठरवून देतं. तिकडे १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस कारखान्यावर पोचल्यापासून १४ दिवसांत एफआरपी (सरकारने ठरवलेला उसाचा किमान भाव) द्यायची. म्हणजे तुमचे पैसे चौदा दिवसांत द्यायचे आणि साखर मात्र सात-आठ महिन्यांत हळूहळू विकायची, मधली सगळी खिंड बँकेचं मालतारण कर्ज लढवतं. गोदामाला बँकेचं कुलूप असतं, थप्पीवर बँकेचा बोर्ड असतो, पोती मोजून साखर बाहेर पडते आणि आधी कर्ज फिटतं. त्या थप्पीचं व्याज शेवटी उसाच्या भावातूनच जातं, म्हणून सभासदाने विचारलंच पाहिजे.

पुढच्या सभेत "साठा इतका का" असं विचारू नका, कारण त्याला वरचं उत्तर तयार आहे. ३१ ऑक्टोबरला, म्हणजे नवीन गाळप सुरू व्हायच्या आधी, मागच्या हंगामाची किती पोती शिल्लक होती ते विचारा. तो आकडा दरवर्षी वाढत असेल तर मात्र काळजीचं आहे. मालतारणावर वर्षात एकूण किती व्याज गेलं आणि ते टनाला किती पडलं, हे विचारा. शेजारच्या दोन कारखान्यांचे अहवाल मिळवून त्यांचाही टनामागे व्याजाचा आकडा काढा. ही तुलना रास्त आहे, सारखा हंगाम, सारखा कोटा, सारखा कायदा, मग व्याज वेगळं का पडलं हे समोरच्याला सांगावं लागेल.

प्रश्न : मॅडम, भोसरी एमआयडीसीत आमचं मशीन शॉप आहे, ऑटो कंपनीला पार्ट देतो. कस्टमर म्हणतो जस्ट इन टाइम, रोज थोडा थोडा माल द्या. त्यासाठी आम्हाला तयार माल साठवून ठेवावा लागतो नाहीतर लाइन थांबली की दंड. आणि बँक म्हणते तुमचा स्टॉक जास्त आहे, तरी लिमिट मात्र कमी देते. नक्की किती स्टॉक बरोबर?

उत्तर : दोन वेगळे प्रश्न आहेत, बँकेचा आधी घेते कारण मी स्वतः बँकेच्या कर्ज विभागात बरीच वर्षं काढलीत.

कुठल्या धंद्याला किती स्टॉक "रास्त" याचा आपल्या देशात एकेकाळी चक्क तक्ता होता. रिझर्व्ह बँकेने १९७४ साली प्रकाश टंडन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, १९७५ ला अहवाल आला, त्यात १५ उद्योगांसाठी कच्चा माल किती महिन्यांचा, अर्धवट माल किती, तयार माल किती, उधारी किती याचे निकष ठरवून दिले होते. एकाच फूटपट्टीने सगळ्यांना मोजता येत नाही हे पन्नास वर्षांपूर्वी मान्य झालेलं आहे! नंतर लहान उद्योगांसाठी पी. आर. नायक समितीने सोपा नियम दिला, वर्षाच्या उलाढालीच्या २५ टक्के खेळतं भांडवल लागतं असं धरायचं, त्यातलं २० टक्के बँक देणार, ५ टक्के तुमचं. नीट बघितलं तर या २५ टक्क्यांत एक गृहीतक लपलंय, पैसा वर्षात चार वेळा फिरतो, म्हणजे कच्च्या मालापासून कस्टमरचे पैसे येईपर्यंत तीन महिने. तुमचं चक्र पाच महिन्यांचं असेल तर या नियमाने मिळालेलं लिमिट कमीच पडणार, आणि बँकेला ते चक्र आकड्यानिशी दाखवणं हे तुमचं काम आहे.

आणि स्टॉक जास्त असून लिमिट कमी, हे ड्रॉइंग पॉवरमुळे, म्हणजे तुमच्या मालावर बँक प्रत्यक्षात किती उचलू देते त्या हिशोबामुळे. स्टॉक ४० लाख, त्यातला १६ लाखांचा माल सप्लायरचे पैसे न देता आणलेला, तर बँक म्हणते तो तुमचा नाहीच, उरले २४, त्यावर २५ टक्के मार्जिन (इथे अर्थ तुमचा स्वतःचा हिस्सा) कापली की १८ लाख. बरेच लोक महिन्याच्या स्टॉक स्टेटमेंटमध्ये आकडा फुगवून भरतात, कृपा करून असं करू नका, ऑडिटला जुना माल बाजूला काढला जातो आणि मग एका दिवसात लिमिट कोसळतं, मी तसं होताना बघितलंय, चांगला चाललेला कारखाना पगाराला अडला होता.

आता कस्टमरचं. टोयोटाचे ताइची ओनो यांनी जस्ट इन टाइम उभं केलं तेव्हा कल्पना अशी होती की पुढच्या माणसाने जेवढं उचललं तेवढंच मागच्याने बनवायचं, अमेरिकन सुपरमार्केटात फळीवरून जेवढं गेलं तेवढंच परत भरतात तसं. तुमच्याकडे होतंय काय, तर कस्टमरच्या गेटवर जस्ट इन टाइम आणि तुमच्या शेडमध्ये तीन आठवड्यांचा माल. त्याचा स्टॉक कमी झाला नाही, फक्त तुमच्याकडे येऊन बसला, डोंबिवलीच्या काकांना वर जे सांगितलं तेच, तिथे माल डीलरकडे ढकलला गेला, इथे सप्लायरकडे. आणि टोयोटानेसुद्धा सगळीकडे शून्य स्टॉकचा हट्ट धरला नाही. ११ मार्च २०११ च्या भूकंपानंतर त्यांनी चिप पुरवणाऱ्यांना दोन ते सहा महिन्यांचा साठा ठेवायला लावला, म्हणून २०२१ मध्ये चिप मिळेनाशा झाल्या तेव्हा बाकीच्या कंपन्या आधी थांबल्या आणि टोयोटा बराच काळ टिकली, सप्टेंबरमध्ये तिलाही उत्पादन ४० टक्के कापावं लागलं ही गोष्ट वेगळी. जो पार्ट मिळायला वेळ लागतो त्याचा साठा ठेवायचा, जो दारात मिळतो त्याचा नाही.

तुमच्या शेडमध्ये हे कसं लावायचं? कोल्हापूरहून कास्टिंग येत असतील तर त्यांचा थोडा जास्त साठा समजण्यासारखा आहे. स्टीलचा बार तुमच्या रस्त्यावर मिळतो, तो कशाला भरून ठेवताय? आणि व्हीएमसी मशीनच्या शेजारी बघा, हीट ट्रीटमेंटला जायची वाट बघत किती बिन उभ्या आहेत. तो माल ना कच्चा ना तयार, बँक त्याला सगळ्यात कमी किंमत देते आणि कस्टमर तर विचारतच नाही. एक रविवार घालवून प्रत्येक बिनवर तिथे कधी आली ती तारीख असलेलं लाल कार्ड लावा. आठ दिवसांनी परत फिरून बघा, कोणतं कार्ड हललं नाही ते.

प्रश्न : लातूरला मेडिकल आहे. दीड महिन्याचा स्टॉक जास्त होतो का?

उत्तर : दीड महिना ठीक आहे, औषध "नाही" म्हणायची वेळ आली तर पेशंट परत येत नाही आणि त्याची अडचण होते ते वेगळंच. तुमच्या धंद्यात सरासरीपेक्षा एक्सपायरी महत्त्वाची, आधी संपणारं आधी विका, आधी आलेलं नव्हे, या दोन्हीत फरक आहे. स्टॉकिस्टकडे परत करायची मुदत उलटायच्या आत फळीवरून काढा. औषध बनवणाऱ्या कंपन्यांच्या आकड्यांशी तुलना करू नका, त्यांचा साठा तीन महिन्यांच्या पुढेही असू शकतो, प्रत्येक बॅच तपासणी होईपर्यंत अडवून ठेवावी लागते.

प्रश्न : मी कोल्हापुरात एमबीए करते. प्रोजेक्टसाठी पाच क्षेत्रांतल्या कंपन्या घेऊन "ज्यांचा स्टॉक कमी त्यांची कामगिरी चांगली" हे सिद्ध करायचंय. योग्य आहे का?

उत्तर : विषय फार छान आहे, पण उत्तर आधी ठरवून निघू नकोस. यावर २००५ साली आलेले दोन अभ्यास नक्की मिळवून वाच. विशाल गौर, मार्शल फिशर आणि अनंत रामन यांनी १९८७ ते २००० या काळातल्या अमेरिकेतल्या ३११ रिटेल कंपन्या घेतल्या, तर दिसलं की मार्जिन जास्त तिथे रोटेशन कमी, हे सांगलीच्या दुकानाला जे सांगितलं तेच, फक्त मोठ्या प्रमाणावर. दुसरा हाँग चेन, मरे फ्रँक आणि ओवेन वू यांचा, त्यात अमेरिकन उत्पादकांचा स्टॉक १९८१ ते २००० मध्ये ९६ दिवसांवरून ८१ वर आलेला दिसतो, आणि ज्यांचा स्टॉक अवाजवी जास्त त्यांच्या शेअरची कामगिरी वाईट. पण पुढचं वाच, ज्यांचा सगळ्यात कमी त्यांची काही सगळ्यात चांगली नव्हती, साधारणच होती, चांगली होती ती सरासरीपेक्षा थोडा कमी ठेवणाऱ्यांची. म्हणजे तुझं वाक्य एका टोकाला बरोबर आणि दुसऱ्या टोकाला चूक.

तू पाच क्षेत्रं एकत्र करून एकच आलेख काढशील तर त्यात फक्त दिसेल की दागिने हळू जातात आणि किराणा पटकन, ते कुणालाही माहितीये. त्याऐवजी प्रत्येक कंपनी तिच्या स्वतःच्या क्षेत्राच्या सरासरीपेक्षा किती वर किंवा खाली आहे हा फरक काढ आणि तो फरक कामगिरीशी ताडून बघ. तिमाही आकडे मिळतील तिथे तेच घे, ३१ मार्चच्या एकट्या आकड्याने काय होतं ते वर साखरेत सांगितलंय. आणि अमेरिकन कंपनी घेतलीस तर टीपा वाच, तिथे शेवटी आलेला माल आधी विकला असं धरायची मुभा आहे, आपल्या लेखा मानकांत नाही, त्यामुळे महागाईत त्यांचा स्टॉक पुस्तकात उगाच कमी दिसतो. २०२२ च्या सुरुवातीच्या तिमाहीत टार्गेट या अमेरिकन रिटेल कंपनीचा स्टॉक वर्षभरात ४३ टक्क्यांनी वाढला होता आणि वॉलमार्टचा ३० टक्क्यांच्या वर, पुढच्या महिन्यांत टार्गेटला किमती पाडून माल काढावा लागला, हे उदाहरण एका पानावर नक्की घे, कारण त्यात दिवस आणि नफा दोन्ही एकत्र बदलताना दिसतात.

प्रश्न : ताई, मी येवल्याची. घरातून पैठणी विकते, दोन विणकर आमच्याकडे विणतात. एकेका साडीत इतके पैसे आणि महिने जातात की कपाटात बारा साड्या असल्या तरी झोप लागत नाही. ऑर्डर आल्यावरच विणायची का?

उत्तर : ताई, तुमची काळजी मला कळते, पण पूर्ण ऑर्डरवर जाऊ नका. लग्नाचं गिऱ्हाईक येतं तेव्हा मुहूर्त महिन्याभरावर असतो आणि भरीव कामाची साडी तेवढ्यात विणून होत नाही, कपाट रिकामं दिसलं की ते शेजारच्या दुकानात जाणार. आणि ऑर्डर नसताना माग बंद ठेवला तर विणकर दुसरीकडे जाईल, हात बसलेला माणूस परत मिळत नाही. तुमचा स्टॉक म्हणजे एका अर्थी त्या दोन घरांची वर्षभराची मजुरी आहे, तो हार्डवेअरच्या फळीसारखा मोजू नका.

पण वाटणी करा. साध्या बुट्टीच्या, चालणाऱ्या रंगांच्या साड्या तयार ठेवा. मोठ्या पदराची, मोरांची महाग साडी एकच ठेवा, दाखवायला, आणि बाकी अॅडव्हान्स घेऊन विणा, रेशीम आणि जर तरी गिऱ्हाइकाच्या पैशातून येईल. लग्नसराई संपल्यावर एप्रिल-मेमधल्या विक्रीची वही काढून बघा, कोणता रंग किती दिवसांत गेला.

पैठणीची घडी तुम्ही अधूनमधून मोडताच, नाहीतर घडीवर रेशीम कापतं आणि जर काळी पडते. ज्या दिवशी घडी बदलाल त्या दिवशी साडीच्या पिशवीत चिठ्ठीवर तारीख टाकत जा. ज्या साडीच्या चिठ्ठीवर चौथी तारीख पडेल, ती पुढच्या गिऱ्हाइकाला सगळ्यात आधी उलगडून दाखवा, आणि भावात थोडं मागेपुढे करायची तयारी ठेवा.